म्हसोबाच्या माळावरचा फेरा

राधानगरी,
३ जानेवारी २०२४

रुद्रेश,

वर आधी 'प्रिय' लिहिलंतं. खोडलंय. खोडलेलं दिसत असंल तर दिसू दे.

माझा नंबर तू ब्लॉक केलास, ग्रुपमधनं काढलंस. कुरुंदवाडच्या दुकानात फोन लावला की तुझा माणूस म्हणतो, मालक पंप बसवायला बाहेर गेल्यात. रोज पंप बसवतोस व्हय रं? म्हणून हे पोस्टानं. मी दूध संस्थेचा सेक्रेटरी हाय, ठराव लिहितो, मला शुद्ध लिहिता येतं. पण तुझ्याबद्दल जे वाटतंय ते शुद्धात बसंना.

सतरा डिसेंबरला घाटवाट सायकल शर्यतीत सिंगल-स्पीडच्या गटात मी पहिला आलो. अठ्ठावन्न किलोमीटर डोंगर, एका गिअरवर. गावानं मला ट्रॅक्टरवरनं मिरवलं. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. एकोणीस तारखेला तू कमिटीपुढं गेलास आन् सांगितलंस, कृष्णात म्हसोबाच्या माळावर चढलाच न्हाय, दुधाच्या टेंपोच्या वाटेनं खालनं सरळ पुढं गेला. वीसला माझं नाव कापलं, वर एक वर्षाची बंदी. कमिटीनं बोलावलंतं, मी गेलो न्हाय. कशाला जाऊ? माझा निकाल तू लावून ठेवलाच होतास.

आता ऐक. उंबराच्या झाडाखाली जो चेक-पॉइंट होता, तिथनंच माळावरचा फेरा सुरू हुतो आन् तिथंच संपतो. तिथल्या कागदावर माझा नंबर दोनदा लिहिलाय, वर जाताना आन् खाली येताना. अक्षर अनुजाचं हाय. माझी बायको हाय म्हणून ती खोटं लिहील? अंगणवाडीत पोरांची हजेरी चुकली तर ज्या बाईला जेवण जात न्हाय, ती?

खरं कारण मी सांगतो. पाच वेळा तू पहिला आन् मी दुसरा. तुला सवय लागलीती. स्टेजवर तू माझा हात धरून वर करायचास, फोटोवाले म्हणायचे काय दोस्ती हाय, आन् मला त्यो हात खांद्यापासनं उपटून तुझ्या तोंडावर मारावासा वाटायचा. तू कुरुंदवाडचा, नदीकाठचा, सपाटीचा माणूस. डोंगर माझा. मी बारावीपासनं चाळीस लिटरचे दोन कॅन लावून त्याच चढावर सायकल दामटलीय. तरी दरवर्षी तू पुढं.

२०१६ आठव. पहिलीच शर्यत, दोघंबी सायकल ढकलत चाललोतो. तू विचारलंस, "पावणं, आणखी किती चढ हाय?" मी म्हटलं, "हा चढ न्हाय, हा रस्ता हाय. चढ पुढं हाय." तू खाली बसून हसलास. त्याच दिवशी तुला तसंच बसवून पुढं गेलो असतो तर बरं झालं असतं.

आठ वर्षं माझ्या घरात जेवलास. काय बोलायचं होतं तर घरी येऊन बोलायचं. कानाखाली मारायची. कमिटीकडं जाणारा माणूस दोस्त नसतो.

कृष्णात

*

राधानगरी,
१२ फेब्रुवारी २०२४

रुद्रेश,

परवा गावात जे झालं त्याचा आळ तू माझ्यावर घेणार, म्हणून आधीच लिहितो.

तुला कुणी बोलावलंतं? आन् यायचंच होतं तर एकटा यायचास. अप्पांना कशाला आणलंस? सत्तरीचा माणूस गाडीत पुढं बसवला की गाव गप बसंल, असं वाटलं व्हय? ढाल म्हणून बाप वापरलास.

गाव तापलेलं हाय. चेअरमन हंबीररावांनी चावडीवर सांगितलंय की कृष्णातवर अन्याय झाला, शर्यत पुन्हा गावातनं जाऊ द्यायची न्हाय. अशात तुझी गाडी बघून पोरं आडवी आली. दगड कुणी मारला मला ठाऊक न्हाय. मी तिथं नव्हतो, संस्थेत दुधाची फॅट तपासत होतो. काच फुटली हे संध्याकाळी कळलं. अप्पांच्या भुवईला चार टाके पडले हे दुसऱ्या दिवशी.

अप्पांचं वाईट वाटलं. तुझं न्हाय.

अनुजानं दोन दिवस चूल पेटवली, ताट पुढं सरकवलं आन् अंगणवाडीत निघून गेली. आईनं विचारलं, "कुरुंदवाडकराचा बा बरा हाय का?" मी म्हटलं, असंल.

पुन्हा गावात येऊ नकोस. ही धमकी समज.

कृष्णात

*

राधानगरी,
९ एप्रिल २०२४

रुद्रेश,

तुझं पत्र आलं. तीन महिन्यांनी एक पान. ते चार वेळा वाचलं, फाडायला घेतलं, फाडलं न्हाय. तूच काय लिहिलंयस ते तुला परत वाचून दाखवतो, म्हणजे कळंल माणसाला असं पत्र लिहीत न्हाईत:

"कृष्णात, अप्पांचे टाके निघाले. तू विचारलं नाहीस, तरी कळवतो. माळाच्या अर्ध्या चढावर माझी चेन तुटली. जोडायची कडी खिशातून कुठंतरी पडली होती. बसून राहिलो. तू चार-पाच मिनिटं मागं आहेस हे मला माहीत होतं. म्हटलं, कृष्णात येईल, त्याच्याकडं कडी मागू. नसली तर निदान तो तरी जिंकेल. तू आला नाहीस. शर्यतीतला गारगोटीचा गुंडू मास्तर मागून आला, त्यानं कडी दिली. त्याला विचारलं, कृष्णात कुठं? म्हणाला, वाटेत दिसला नाही. मला वाटलं तू दरीत गेलास. चेन जोडली आणि वर जायच्या ऐवजी मी खाली आलो, झाडीत हाका मारत. उंबराखाली वहिनी होत्या. विचारलं, कृष्णात आला नाही? त्या म्हणाल्या, 'ते गेले की पुढं.' माझ्याकडं न बघता म्हणाल्या. मी परत वर चढून फेरा पुरा केला. शर्यत संपल्यावर दोन दिवस तुझ्या फोनची वाट बघितली. मग मी आणि मास्तरांनी कमिटीला सांगितलं. कागदावरचा नंबर धुळीत चुकून लिहिला गेला असेल, एवढंच मी बोललो. वहिनींचं नाव मी घेतलेलं नाही. आता लिहू नकोस."

झालं? वाचलंस? काय वाटलं? मला विचारशील तर मला तुझा आधीपेक्षा जास्त राग आला. चोर म्हणाला असतास तर भांडता आलं असतं. हाका मारत खाली आलो म्हणे! तुला कुणी सांगितलंतं हाका मारायला?

पत्र घेऊन मी चुलीपाशी गेलो. अनुजा भाकरी थापत होती.

"रुद्रेश खाली आलता?"

"व्हय."

"हाका मारत?"

"लांबनंच ऐकू येत होत्या."

"मग मला का न्हाय सांगितलंस?"

"तुम्ही गुलालात होता."

भाकरी तव्यावर टाकून ती म्हणाली, "मी एकदा तुमच्यासाठी लिहिलंय. मला आता काय विचारू नका." दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन पन्हाळ्याला माहेरी गेली. पाडव्याला गेलीय, असं गावाला सांगितलंय.

तर ऐक, काय झालंतं ते. तुला ठाऊकच हाय, तरी माझ्या हातानं लिहितो.

उंबराशी पोचलो तेव्हा मागंपुढं कुणी नव्हतं. अनुजाला विचारलं, रुद्रेश? ती म्हणाली, चार मिनिटं झाली, वर गेल्यात. मी वर बघितलं. तो चढ मी हजारदा चढलोय, पण त्या दिवशी पोटऱ्या दगड झाल्यात्या. गिअरवाल्याला हलका गिअर टाकता येतो. आपल्याला काय हाय? पुढच्या चक्रीला बत्तीस दात, मागच्या चक्रीला वीस. उभं राहायचं आन् दाबायचं, न्हायतर उतरायचं. मला कळलं की मी पुन्हा दुसरा येणार. सहाव्यांदा. आन् डाव्या हाताला टेंपोची वाट होती, सावलीची, सपाट.

मी अनुजाकडं बघितलं. तोंडातनं शब्द काढला न्हाय. नुसतं बघितलं, आन् हँडल वळवलं.

काय लिहायचं ते मी तिला सांगितलेलं न्हाय. पण तिच्याकडं बघितलं मी.

हे कुणाला दाखवलंस तर मी म्हणणार, अक्षर माझं न्हाय.

कृष्णात

*

राधानगरी,
३० सप्टेंबर २०२४

रुद्रेश,

तू लिहू नकोस म्हणालास, म्हणून पाच महिने लिहिलं न्हाय. आज लिहितोय त्याला कारण हाय.

ऑगस्टात पावसानं उघडीप दिली तेव्हा घड्याळ लावून माळावर चढलो. अर्ध्या चढावर जो वाकडा कातळ हाय, तिथंच तू बसला असणार, दुसरीकडं बसायला जागाच न्हाय. उंबरापासनं कातळापर्यंत सहा मिनिटं. सहा. ती बी चिखलातनं. तू तिथं गुंडू मास्तर येईपर्यंत बसलास. म्हणजे मी वर आलो असतो तर तुला बसलेला बघितलं असतं आन् पुढं गेलो असतो. कडी दिली असती का न्हाय, देवाला ठाऊक. बहुतेक न्हाय. पण पहिला आलो असतो. खराखुरा.

त्या कातळावर बसून मी तुला इतक्या शिव्या दिल्या की खालच्या शेतातनं बनाबाई ओरडली, "कोण मेलं रं?"

काल संस्थेची वार्षिक सभा होती. नफा, बोनस, सगळं झालं. मग हंबीरराव उठले आन् म्हणाले, "आता शेवटचा ठराव. आपल्या कृष्णातवर शर्यतवाल्यांनी केलेल्या अन्यायाचा निषेध, आन् संस्थेतर्फे त्याचा सत्कार." पोरांनी टाळ्या वाजवल्या. नारळ, शाल सगळं टेबलावर होतं. ठराव लिहायचं काम सेक्रेटरीचं, म्हणजे माझं. पेन हातात होतं.

मी उभा राहिलो. म्हटलं, "हा ठराव मी लिहीत न्हाय."

हंबीरराव हसले. "लाजतंय बघा."

"लाजत न्हाय. मी माळावर चढलोच न्हाय. टेंपोच्या वाटेनं गेलतो. रुद्रेश खरं बोलला."

सभेत दोनशे माणूस. हंबीरराव हळूच म्हणाले, "खाली बस, कृष्णात. हे दूध संस्थेचं काम न्हाय." मी म्हटलं, अजून संपलं न्हाय. कागदावरचा नंबर माझ्यामुळं लिहिला गेला, बाईमाणसाला दोष देऊ नका. आन् ज्या दिवशी गाडी फोडली त्या दिवशी मी संस्थेच्या दारात उभा होतो. आत न्हाय, दारात. दगड उचललेला मी बघितला. "थांबा" म्हणायला एक शब्द लागतो. मी म्हटला न्हाय.

तुला फेब्रुवारीत फॅट तपासत होतो असं लिहिलंतं. तपासत नव्हतो.

तेव्हा मागनं हंबीररावांचा पोरगा उदयसिंह उठला. चोवीस वर्षांचा गडी, तोंड लाल झालेलं. म्हणाला, "मग आम्ही दगड कशासाठी मारला?"

मी म्हटलं, "माझ्यासाठी."

"तुम्ही आम्हाला आधी का न्हाय सांगितलं?"

मी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. त्यानं खुर्ची लाथेनं आडवी केली आन् बाहेर गेला. त्याच्यामागनं निम्मी सभा. आई बायकांच्या पहिल्या रांगेत बसलीती. ती उठली, पदर सारखा केला, आन् माझ्याकडं न बघता घरी गेली. शाल टेबलावरच राहिली.

आता गावात मला कुणी "ये" म्हणत न्हाय. दूध घालायला येतात, मापाकडं बघतात, जातात. सेक्रेटरीपद राहील का न्हाय, सांगता येत न्हाय.

हे तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस. तुझ्यामुळं केलं, एवढं खरं हाय, आन् त्याचाच राग हाय.

कृष्णात

*

राधानगरी,
२८ ऑक्टोबर २०२४

रुद्रेश,

काल कुरुंदवाडला आलतो ते तुला ठाऊक हाय. मी दुकानाच्या पायरीवर पाय ठेवला आन् तू मागच्या गोदामात गेलास. पाईप मोजायला. पाऊण तास पाईप मोजलेस.

मी तुझ्याकडं आलोच नव्हतो. अप्पांकडं आलतो. "बा, कूत्को," म्हणाले, कानडीत 'ये, बस', जसं काय झालंच न्हाय. चहा सांगितला. भुवईवरची खूण दिसत होती. मी पाया पडलो, जे सभेत बोललो ते पुन्हा सगळं बोललो. दारात उभा राहिल्याचं बी.

अप्पा म्हणाले, "माझे टाके भरले, बाळा. ह्याचं काय ते मला कळंना." आन् बोटानं वर दाखवलं. माळ्यावर तुझी सायकल. मागचं चाक काढलेलं, वर पोती टाकलेली. "डिसेंबरपासनं हात लावला न्हाय त्यानं. पहाटे उठतो, बूट घालतो, पायरीवर बसतो, बूट काढतो."

रुद्रेश, ही कुठली रीत? खोटं मी केलं आन् सोडली तू? चूक माझी, बंदी मला, गावानं तोंड फिरवलं ते माझ्याकडनं. हे सगळं मी भोगतोय. त्यातनं तुझा वाटा तू कशाला उचलतोस? ही बी तुझी एक तऱ्हा. माझ्या चुकीत बी तू माझ्यापुढं.

अनुजा जूनमध्येच परत आली. बोलते. पूर्वीसारखं न्हाय. परवा म्हणाली, "रुद्रेशभाऊजींनी माझं नाव घेतलं न्हाय, ते मला घेतल्यापेक्षा जास्त लागलं." तुला कळवायला सांगितलं न्हाय तिनं. मीच कळवतोय.

सायकल खाली काढ. काढली न्हाईस तर मी येऊन काढीन, आन् तेव्हा गोदामात जायला वेळ देणार न्हाय.

कृष्णात

*

राधानगरी,
१५ डिसेंबर २०२५

रुद्रेश,

वर्षभर लिहिलं न्हाय. लिहिण्यासारखं काय नव्हतं. गेल्या शर्यतीला मला बंदी होती आन् तू आला न्हाईस. गुंडू मास्तर पहिला आला आन् बक्षीस घेताना रडला. आपण दोघं नव्हतो म्हणून मिळालं, हे त्या बिचाऱ्याला कळत होतं.

काल तू आलास. अप्पांनी आणलं, हे मला त्यांनीच सांगितलं. सुटायच्या रेषेवर तू डाव्या टोकाला, मी उजव्या. एकदा बी बघितलं न्हाईस. मी बघितलं. पोट सुटलंय तुझं.

गिअरवाले आधी सुटले, मग आपण अकराजण. पहिल्या सपाटीला पाय भिंगरीसारखे फिरत होते आन् सायकल तेवढीच जात होती. तू पुढं, मी मागं, तीस किलोमीटर. आईला विचारलंतं, बघायला येशील का? म्हणाली, उंबराशी येऊन बसते. आली. त्या सभेनंतर माझ्यासाठी ती पहिल्यांदा घराबाहेर पडली. अनुजा चेक-पॉइंटवर नव्हती, तिनं स्वतःच कमिटीला नको म्हणून सांगितलंतं. आईशेजारी बसलीती, हातात पाण्याची बाटली. तू गेलास. मी गेलो. दोघंबी वर. आई ओरडली, "दाबा रं!" कुणाला ते कळलं न्हाय.

चढावर मी तुला गाठलं. वाट दीड हात रुंद. दोघंबी पेडलवर उभे, दोघांच्या तोंडाला फेस. मी म्हटलं, "सरक."

तू म्हणालास, "वाट तुझ्या बापाची हाय?"

दोन वर्षांत तू मला बोललेलं पहिलं वाक्य. मी खांदा घातला. तू बी घातलास. कातळापाशी तुझं चाक खड्यावरनं घसरलं, पाय टेकला, आन् मी पुढं गेलो.

नऊ वर्षं मी ह्या घडीची वाट बघत होतो. वाटायचं, तुला खरंच मागं टाकलं की छातीत काहीतरी सुटंल. काय सुटलं न्हाय. पुढं मोकळी वाट होती आन् वारा होता. माळावर आलो, मागनं तुझा श्वास ऐकू येत होता तो येईना झाला. वळून बघितलं. चढाच्या कडेला कुणी दिसंना.

मी थांबलो. उतरलो न्हाय, पण थांबलो म्हणण्याइतका सावकाश झालो. माळावर सायकल नुसती रांगवत होतो. तेवढ्यात सांगलीचं एक पोरगं कुठनं आलं कुणास ठाऊक, "चला काका" म्हणालं आन् गेलं. आपल्याला दिसलं न्हाय ते पुन्हा. शेवटी तुझी टोपी कडेवर दिसली, मग तोंड, मग सायकल. पायी ढकलत होतास. चेन शाबूत होती. मग मी पुन्हा दाबलं.

सांगलीचं पोरगं पहिलं, मी दुसरा, तू तिसरा. मी दुसरा येण्यात नवीन काय न्हाय.

शेवटच्या रेषेपलीकडं तू माझ्यापाशी आलास. मला वाटलं मारतोस. गुडघ्यांवर हात ठेवून, खाली बघत विचारलंस, "माळावर का थांबलास?"

मी म्हटलं, "दम लागलाता."

तू मान हलवलीस आन् अप्पांच्या गाडीकडं गेलास. निरोप न्हाय, काय न्हाय.

दोस्ती-बिस्ती जुळली असं समजू नकोस. खांदा अजून दुखतोय, तुझ्या नावानं शेकतोय. पण ह्या शर्यतीत मी पुन्हा एकदा खोटं बोललोय, आन् ते तसंच ठेवायचं न्हाय, म्हणून हे पत्र. मला दम लागला नव्हता.

कृष्णात